गोदामामागची खोली

"खोलीतला दोर आन."

सोसायटीच्या संचालकानं माझ्या नवऱ्याला एवढंच सांगितलं. समोर बैल मरून पडला होता. सकाळची वेळ. चारा छावणीतली माणसं आपापल्या जनावरांपाशी उभी राहून बघत होती. माझ्या कडेवर लेक होती.

नवऱ्यानं हळूच सांगितलं की साहेब, मी वॉचमनच्या कामाला आलोय. संचालक हसला. मग बाकीचेही हसले.

"काम कुटं लागलंय अजून तुला? आधी हे वढून वड्याच्या पल्याड टाक. तुमचंच काम हाय हे."

बैलाचा मालक तिथंच बसला होता. दुष्काळानं गाव सोडून तो बैलाबरोबर छावणीत राहायला आला होता. बैलाच्या पाठीला पाठ लावून झोपायचा, आपल्या वाटणीच्या पाण्यातून त्याला पाजायचा. आता तो हात लावायला तयार नव्हता. जिवंत होता तोवर बैल त्याचा. मेला की आमचा.

आम्ही सिरसाळ्याच्या पुढच्या एका गावचे. त्या वर्षी विहिरी आटल्या, रानात काम उरलं नाही, अर्धा गाव ऊसतोडीला गेला. माझी लेक अंगावर पिणारी. तिला घेऊन फडावर पालात राहायचं मला नको होतं. एका पाहुण्यानं सांगितलं, जिथं सोसायटी हाय, कारखाना हाय, तिथं कामाला तोटा न्हाई, आधी जाऊन तर ऱ्हावा. आम्ही गेलो. हातात काम नाही, ओळख नाही. एक पेटी, दोन घागरी आणि लेक.

सोसायटीच्या ऑफिसात संचालकानं नवऱ्याला नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं. तीन प्रश्नांत त्याला जे कळायचं ते कळलं. वॉचमनचं काम निघणार आहे म्हणाला. तोवर खताच्या गोदामामागं एक खोली रिकामी आहे, राहा, भाडं नको. पाणी छावणीच्या टँकरमधून घ्या. माझे तर डोळे भरून आले. परक्या गावात, असल्या उन्हाळ्यात, फुकट छप्पर आणि पाणी. देवमाणूस भेटला असं मी नवऱ्याला म्हणाले.

खोलीत खुंटीला एक जाडजूड दोर होता. मी तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधला आणि त्याच्यावर लेकीची दुपटी वाळत घातली.

मग हळूहळू कामं यायला लागली. ऑफिस झाडून घे. साहेबांच्या घरची ज्वारी दळून आण. बाईसाहेबांना बरं नाही, तू अंगण सारवून जा. पगाराचं नाव नाही. वॉचमनचं विचारलं की ओळख होऊ दे म्हणायचे. बाईसाहेब मला पाणी वरून ओतायच्या. मी ओंजळ धरायची. बोलावंसं वाटायचं, पण खोली आठवायची आणि मी गप्प बसायचे. ज्याचं छप्पर त्याच्यापुढं तोंड उघडत नाही, हे मी तिथं शिकले.

त्या सकाळी नवरा खोलीत गेला. लेकीची दुपटी त्यानं एकेक काढून नीट घडी करून पेटीवर ठेवली. दोर सोडला. तो घेऊन बैलाकडं निघाला. मी त्याच्या मागं. आणि चालता चालता माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा दोर आमच्या आधीपासून त्या खोलीत होता. आमच्या आधी कुणीतरी तिथं राहून गेलं होतं. दुष्काळात छावणी लागली की ढोरं मरणार, हे संचालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं आम्हाला खोली दिली नव्हती. त्या दोराला माणूस ठेवला होता.

माझ्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला, तेव्हा सगळ्यात आधी मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं त्यांना गिरणी बंद केली. पाणवठा बंद केला. रानातून जायची वाट बंद केली. आजोबांनी कण्या शिजवून खाल्ल्या, पण दोराला हात लावला नाही. आणि मी त्याच दोरावर माझ्या लेकीचे कपडे वाळवले होते.

नवरा वाकून बैलाच्या पायाला फास घालत होता. मी त्याच्या हातातून दोर ओढून घेतला आणि संचालकाच्या पायाशी टाकला.

"बैल तुमचा, दोर तुमचा. वढा तुमीच."

संचालकाचा चेहरा मी आजही विसरले नाही. रागापेक्षा त्याच्यावर नवल जास्त होतं, जणू खुंटीच बोलली. खोली कुणाची, पाणी कुणाचं, हे त्यानं विचारलंच. मी म्हणाले, खोली तुमची, ही घ्या रिकामी. तिथल्या तिथं जाऊन पेटी आणली. नवऱ्यानं घागरी उचलल्या. घागरीत थोडं पाणी होतं. ते मी त्याच्या गोदामाच्या दारात ओतलं. त्या उन्हाळ्यात पाणी ओतणं म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

नवरा संध्याकाळी एवढंच म्हणाला की लेकरासाठी तरी गप बसायचं होतंस. मी म्हणाले, लेकरासाठीच बोलले.

त्याच गावात आमच्या समाजाच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं आपल्या पत्र्याच्या घरातली अर्धी बाजू दिली. पण पहिल्याच रात्री बजावलं, "फुकट न्हाई. कमावलं की भाडं द्यायचं. म्हंजे मला बी तुमाला काई म्हनता यायचं न्हाई." मला तिचा राग आला होता तेव्हा. पुढं कळलं, तिनं मला छप्परापेक्षा मोठी गोष्ट दिली होती. नवरा रोजगार हमीच्या तलावावर माती वाहायला जाऊ लागला. मी शिवण शिकले. दिंद्रुडच्या बाजारात झबली, टोपडी विकली. आज स्टँडजवळ माझं स्वतःचं मशीन आहे, मशीनमागं एक खोली आहे.

हातात काम नसताना इकडं यावं का, असं बाया मला विचारतात. मी त्यांना येऊ नका म्हणत नाही. गावात पाणी नसेल, काम नसेल तर माणूस निघणारच. मी एकच सांगते. ज्याच्याकडं काम मागायचं, त्याचं छप्पर घेऊ नका.

यंदा पुन्हा पाऊस नाही. पुन्हा छावणी लागली आहे. सोसायटी आता त्या संचालकाच्या मुलाकडं आहे. परवा एक पोरसवदा बाई पदराच्या गाठीला किल्ली बांधून माझ्याकडं झबलं शिवायला आली. साहेबांनी गोदामामागं खोली दिली, भाडं नको म्हणाले, लई चांगले हायेत, असं सांगत होती. कुठल्या समाजाची ते मी विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही.

मी विचारलं, "खुंटीला दोर हाय का?"

"हाय की. कपडे वाळत घालतेय त्याच्यावर."

मशीन थांबवलं. तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ती रडकुंडीला आली. मग ऱ्हावं कुटं, म्हणाली.

"माझ्या मागच्या खोलीत. काम लागल्यावर भाडं द्यायचं. आता उठ. किल्ली देऊन ये. हातात द्यायची न्हाई, टेबलावर ठिवायची. अन् चपला पायात ठिवूनच आत जायचं."

ती गेली, आणि देऊन आली.

संध्याकाळी सोसायटीचा माणूस निरोप घेऊन आला. नव्या लोकांना बिघडवू नका, नाहीतर स्टँडजवळची ही जागा राहणार नाही. मी त्याला म्हणाले, जागा गेली तर रस्त्यावर मशीन मांडीन, पण तुमच्या गोदामाच्या तोंडावरच मांडीन.

येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या खोलीच्या दारातून परत फिरवणार आहे. दोर आहे तिथंच राहू दे खुंटीला. मेलेली ढोरं आता ज्याची त्यानं ओढायची.