अर्ध्या मिनिटाचा कवी

आमच्या शेजारच्या बाई अठ्ठ्याऐंशीच्या. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधलं घर सोडून त्या रविवारी वृद्धनिवासातल्या एका खोलीत राहायला जाणार होत्या. त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मला कुंपणावरून विचारलं, "तुझ्याकडे जुन्या रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे ना?"

आहे म्हणजे काय. गॅरेज सेलमधून ते उचलून आणल्यापासून कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून मी टपून बसलो होतो.

बाईंच्या गॅरेजमध्ये त्यांच्या आईच्या तबकड्यांची चार खोकी होती. जाड, काळ्या, जड, पहिल्या जॅझच्या काळातल्या. नव्या खोलीत त्यांना जागा नव्हती. मुलगा सगळं ऑप शॉपला, म्हणजे दान केलेल्या वस्तूंच्या दुकानात, देऊन टाकणार होता. त्याआधी बाईंना त्यातलं एक गाणं ऐकायचं होतं. गाण्याचं नाव माहीत नाही, चाल अर्धवट. कवी मात्र माहीत होता, कारण आई त्याचं नाव मोडलेल्या लग्नातल्या नवऱ्यामुलासारखं घ्यायची. आणि एक ओळ माहीत होती. तिचा अर्थ असा, की तू येईपर्यंत मी दुसरा बूट काढणार नाही.

"आई भांडी घासताना एवढंच म्हणायची आणि थांबायची," बाई म्हणाल्या. "मी विचारायचे, पुढे काय? ती म्हणायची, ते लिहिणाऱ्याला विचार. आता ऐंशी वर्षं झाली. एकदा मला पुढचं ऐकव, मग मुलाला काय न्यायचं ते नेऊ दे."

मी रेडिओवर वाढलेला मराठी माणूस. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर ढमुक, हे ऐकल्याशिवाय आम्हाला गाणं पचत नाही. या तबकड्यांवर कवीची जागा म्हणजे गाण्याच्या नावाखाली, कंसात, इतक्या बारीक अक्षरांत की मला बायकोचा सुईत दोरा ओवायचा चष्मा घ्यावा लागला. दोन संध्याकाळी खपून मी या गृहस्थाच्या चाळीस तबकड्या बाजूला काढल्या. काय लिहिलं नव्हतं त्याने? आगगाड्या, टेलिफोन, टोप्या, न आलेली पत्रं. चंद्राला तर असं राबवलं होतं की त्याने रजेचा अर्ज द्यावा.

पण मला सकाळी वेलिंग्टनची गाडी असते, नोकरी असते. म्हणून मी, कंप्युटरवाला, एक पद्धत बसवली. प्रत्येक तबकडीला तीस सेकंद. गाणं सुरू झालं तर डावीकडे, नुसता बँड वाजला तर उजवीकडे. आपल्याकडे पेटीने दोन ओळी वाजवल्या की धृपद आलंच पाहिजे, नाही तर लोक खुर्च्या सरकवतात. तीस सेकंद मला उदार वाटले होते. डावीकडे सतरा आल्या. त्या मी पूर्ण ऐकल्या. बूट एकाही गाण्यात नव्हता.

गुरुवारी बाईंचा मुलगा उजवीकडच्या तबकड्या घेऊन गेला. "यात नुसतं संगीत आहे," मी जाणकाराच्या चेहऱ्याने सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी बायको मेथी निवडत होती. उजवीकडची एक तबकडी यंत्रावर राहून गेली होती. तिने ती सहज लावली. मी आत शर्टाला इस्त्री करत होतो.

"अरे, हा गातोय," ती म्हणाली.

"तो गात नाही. तो उजवीकडचा आहे."

"मग उजवीकडचा गातोय."

मी इस्त्री तशीच सोडून धावलो. दीड मिनिट बँड वाजल्यावर मध्येच एक पुरुष, मागच्या दाराने कुणी क्षणभर आत घ्यावं तसा, आठ ओळी गात होता. तेवढ्यात तुताऱ्यांनी दार लावून घेतलं. या तबकड्या होत्या नाचायला. शब्दांच्या वाट्याला मधलं अर्धं मिनिट. बिचाऱ्या कवीने जन्मभर लिहिलं, आणि मी त्याला बरोबर त्याची पाळी यायच्या आधी उठवत होतो.

मला बसवेना. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर.

"जा, त्यांना सांग," बायको म्हणाली.

"उद्या आधी शोधतो, मग सांगतो."

"म्हणजे नाही सापडली तर सांगणारच नाहीस."

चोवीस वर्षांच्या संसाराचा हा तोटा. मी गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कोट घातला. दुकान आता बंद असेल म्हटल्यावर त्यांनी तो अनिच्छेने काढला. सकाळी साडेआठला त्या माझ्या गाडीत येऊन बसल्या होत्या. मला अजून चहा मिळालेला नव्हता.

वाटभर त्या बोटांनी समोरच्या खणावर ताल धरत होत्या. एका सिग्नलला म्हणाल्या, "किती वेळ ऐकलंस म्हणालास?"

"तीस सेकंद."

"माझा नवराही तेवढंच ऐकायचा."

ऑप शॉपमध्ये कळलं की खोकं लोअर हटच्या शाखेत गेलं. तिथे गेलो, तर खोकं होतं, पण वरच्या काही तबकड्या नव्हत्या. मागच्या खोलीत एक हौशी स्वयंसेविका तबकड्या गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या कुंड्या बनवत होती. चार तयार झाल्या होत्या, कडांना सुंदर झालरी काढलेल्या. मी पालथ्या घालून कंस वाचले. दोन आमच्या कवीच्या निघाल्या. गाण्यांच्या नावांवरून काही कळेना. बाई त्या दोन कुंड्यांकडे बघत राहिल्या. मग बाकीच्या तबकड्यांबरोबर त्याही उचलल्या. "नाही सापडलं, तर यातच होतं असं समजेन," म्हणाल्या. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं, पण गाडी मलाच चालवायची होती.

आमच्या बैठकीच्या खोलीत एकेक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत लागली. मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. सात झाल्या. अकरा झाल्या. प्रत्येक बँड मुद्दाम रेंगाळतोय असं मला वाटत होतं. बायकोने उपमा केला, तो गार झाला. चौदाव्या तबकडीत दीड मिनिटाने तो माणूस आला आणि त्याच्या तोंडून बूट निघाला. बाईंनी हात वर केला.

पुढचं असं होतं. तू येईपर्यंत मी दुसरा बूट काढणार नाही. आणि नऊचे ठोके पडले की पहिलाही परत चढवीन. कोपऱ्यावर एक शिट्टी वाजवणारा उभा असतो, आणि त्याला नाचता येतं.

बाईंनी वर केलेला हात खाली घेतला. "बाबा रोज उशिरा यायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, ती वाट बघतेय."

मग त्यांनी नेल्सनमधल्या धाकट्या बहिणीला फोन लावला, स्पीकरवर.

"आईचं बुटाचं गाणं सापडलं."

"ते शिट्टीवाल्याचं?" बहीण म्हणाली.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुला पुढचं माहीत होतं?"

"सगळं. माझी वेणी घालताना म्हणायची."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"आईने बजावलं होतं. मोठीला सांगू नकोस, ती बाबांना जाऊन सांगेल."

"सांगितलंच असतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला तबकडी पुन्हा लावायला सांगितली. अर्धं मिनिट आलं तेव्हा नेल्सनची बहीण गायकाच्या थोडी पुढे पळत गात होती. तिसऱ्या वेळी बाईही गायल्या, शिट्टीवाल्यापाशी चांगला आवाज चढवून. तेवढ्यात त्यांचा मुलगा सामानाची यादी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "आई, हे काय चाललंय?"

"तुझ्या आजोबांना सांगू नकोस," बाई म्हणाल्या.