लोणारच्या बसमध्ये सुमन पाणी पीत नव्हती

मेहकरहून बस सुटली तेव्हा माझी मावसबहीण सुमन ओढणीने डोकं आवळून खिडकीशी बसली होती. चार-पाच दिवस तिचं डोकं ठणकत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको. पेलं की जा लागते. मधात (वाटेत) कुठं जाऊ, तुह्या डोक्यावर?"

सुमनला मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे. व्रण होतात, रक्त पडतं, सारखं धावावं लागतं. सध्या तो उसळला होता. म्हणून प्रवासात ती उपाशी आणि कोरडी राहते. रस्ते रुंद होतात, पण बाईला आडोसा बांधायचं कुणालाच सुचत नाही. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

लोणारला विवराच्या काठावर उभे राहिलो. खाली हिरवट पाणी, भोवती झाडी, कुठेतरी मोर. एका आजीकडून सीताफळं घेतली. सुमनच्या हातातलं फळ गळून पडलं. दुसरं दिलं, तेही पडलं.

"हात ऐकूनच नाही राह्यला माह्या," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

"ऊन लागलं पोरीले. कांदा हुंगवा," आजी म्हणाली.

जीप करून मेहकरच्या दवाखान्यात आणलं. मावशी धावत आली आणि मला चिमटा काढून कुजबुजली, "पोटाचं बोलू नको वं. सोयरीक चालू हाय तिची."

डॉक्टरांनाही ऊनच वाटलं. मी बोलणार, तेवढ्यात सुमनच अडखळत बोलली, "डॉक्टर, मले संडासातून रक्त जाते. लई दिवसांचं हाय."

डॉक्टर उठलेच. या आजारात रक्त गोठण्याचा धोका वाढतो, त्यात अंगातलं पाणी आटलेलं. गुठळी मेंदूच्या शिरेतही होऊ शकते, म्हणाले. तातडीने शहरात पाठवलं. तिथे गुठळी दिसली.

"रक्त पडून राह्यलं, अन् वरून पातळ करायचं औषध?" मावशी हबकली.

"पोटावर आमचं लक्ष आहे, मावशी," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डोक्यातली गुठळी आधी."

सुमनला घेऊन परतलो तेव्हा तिच्या हातात बळ येऊ लागलं होतं. बसमध्ये तिने अर्धी बाटली संपवली. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "कंडक्टर भाऊ, गाडी थांबवा."

"आता काऊन (का)?" मागून कुणी कुरकुरलं.

मावशी वळली. "पोरीले आतड्याचा आजार हाय माह्या. थांब थोडा, बाप्पा."

गाडी थांबली. तुरीच्या शेताकडेला मावशीने ओढणी आडवी धरली. दर थांब्यावर बायकांसाठी सोय हवी, हे मी लिहीत राहीनच. पण त्या दुपारी भरलेली गाडी एका पोरीसाठी मुकाट थांबली, तेही लिहून ठेवायला हवं.

सुमन परत येऊन बसली आणि तिने उरलेलं पाणी मागितलं.