जाड फोटूंचा वैरी

सोमवारी बायकोनं न् मी साड्यांच्या घड्या घातल्या, मंगळवारी ती गेली. चौकात तिचा बारा फुटी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. तोच फोटू मी आमच्या साड्यांच्या वेबसाईटवर घातला, न् पान उघडंनाच झालं. गिऱ्हाईकं कंटाळून पळाय लागली.

आमची वेबसाईट सांभाळणारा माणूस स्वतः खुर्चीत मावत न्हाय, पण जास्त एमबीचा जाड फोटू दिसला की खवळतो. मला बघून म्हणाला, "आप्पा, चौकातला फोटू मोबाईलात घुसवलासा व्हय? बारीक करतो."

"साड्या कर बारीक. तिला हात लावायचा न्हाय."

त्यानं मग दोन मोबाईल पुढं धरले. एकात मूळ फोटू, एकात बारीक केलेला. "आमची खरी आक्का कुठली, सांगा."

मी ठासून बोट ठेवलं. ती बारीक केलेली निघाली. एरवी सगळ्यांची थट्टा करणारा तो माणूस हसला न्हाय. "घालू?" एवढंच म्हणाला.

"घाल." पान लगेच उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला न् मूळ फोटूचा पेन ड्राईव्ह हातात दिला. "ह्याला कुणाला बारीक करू देऊ नका," म्हणाला.

माझ्याकडं कम्प्युटर न्हाय. मी तो तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला.