चाचांच्या एकोणीस डिस्क

दिवाळीनंतरचा तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ. स्थळ : नवीन जालना, शेजारच्या चाचांच्या घरातली पुढची खोली. हजर : चाचा, चाची, वाटूरहून मोटरसायकलवर आलेले एक गुरुजी, त्यांची बायको आणि मी. गैरहजर : कोणी नाही.

हरलेल्या बाजूशी इतका इमानदार राहिलेला माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. चाचा लग्नाचं शूटिंग करायचे. साध्या डीव्हीडीच्या जागी जास्त स्वच्छ चित्राची डिस्क येणार, अशी हवा होती तेव्हा जगात दोन प्रकारांची झुंज लागली होती. एक ब्लू-रे, दुसरी एचडी डीव्हीडी. एकीची डिस्क दुसरीच्या मशीनवर चालत नसे. चाचांनी दोन्हींची माहितीपत्रकं आठवडाभर वाचली आणि एचडी डीव्हीडीला कौल दिला, कारण तिचं चित्र साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही उतरवता येत होतं; बघायला मात्र मशीन तिचंच लागे. मेहुण्याकरवी दुबईहून मशीन आलं. थोड्याच दिवसांत ब्लू-रे जिंकली, एचडी डीव्हीडीवाल्यांनी गाशा गुंडाळला. चाचांनी मात्र पुढच्या दोन लग्नसराया तिच्यावरच काढल्या. "कंपन्यांनी बात पलटली म्हणून म्या बी पलटू का, ताई?" पुढे माझ्या भाच्यानं त्यांना मुद्दाम ब्लू-रे दाखवली. चाचांनी चष्मा पुसून पंधरा मिनिटं पाहिली. "चित्र बराबर हाय," ते म्हणाले. "पन आमची काय खराब हाय का?"

झालं असं, की एकोणीस घरांतली लग्नं स्वतःच्या घरी चालेनात. डिस्क त्यांच्या कपाटात, मशीन चाचांकडे, आणि मूळ टेपांवर चाचांनी कधीच पुढची लग्नं घेतलेली. पहिल्या वर्षी लोक भांडायला आले. एक बियाण्यांचे व्यापारी तर दारातूनच ओरडत आले. चाचांनी त्यांना चपला काढायला लावल्या, खुर्ची दिली आणि डिस्क मधून कडेकडे मलमलीनं पुसून लावली. गोल पुसलेली त्यांना बिलकुल खपत नाही. व्यापाऱ्यांना मुलीच्या शालूतली जरीची तार न् तार दिसली. जेवूनच गेले. तिथून रिवाज पडला : लग्नाच्या वाढदिवसाला जोडप्यानं चाचांकडे यायचं, आपलं लग्न बघायचं, चहा घ्यायचा. चाचींना सगळ्यांचे नातेवाईक तोंडपाठ. "तुमारे वो फूफा अब्बी रूठे हुए हैं क्या?" असं त्या विचारत, आणि ते आत्याचे यजमान खरंच अजून रुसलेले असत. दोनदा माहेरी निघून गेलेली एक सून याच खोलीत नवऱ्याशेजारी बसून हसलेली मी पाहिली आहे.

यंदा मशीन थकलं. अर्ध्या तासात तापायचं, चित्र अडकायचं. ते बंद पडलं की एकोणीस लग्नं संपली, हे चाचांना कळत होतं. ते जेवेनात. तेव्हा मी हात घातला. मशीनमधलं चित्र लॅपटॉपवर उतरवणारी एक डबी मागवली, घरोघर फोन केले, वेळापत्रक केलं : अर्धा तास मशीन, अर्धा तास पंखा. पहिला नंबर मी चाचांच्याच घरचा लावला. त्यांच्या एकुलत्या मुलीचा निकाह. ती आता जेद्दाला असते, चार-चार वर्षं येणं होत नाही. चाचांनी पेन मागितलं, पहिली ओळ खोडली आणि तळाशी एकोणिसावी लिहिली.

"चाचा, मशीनचा भरवसा नाही."

"म्हनून तर. लोकांना म्या सांगितल्तं, हीच चालनार. आधी त्यांची."

चाची आतून म्हणाल्या, "लिखो ताई, जैसा बोलते वैसा लिखो. तीस साल से मेरा नंबर आखरीच है."

पाच रविवारांत सतरा झाल्या. त्या सकाळी अठरावी, वाटूरची, लागली. गुरुजींच्या बायकोचे वडील मांडवात पाहुण्यांना हाताला धरून पंगतीला बसवत होते. ते आता नाहीत. ती बाई पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत बसली. मशीन दोनदा अडकलं, दोनदा चाचांनी पुठ्ठ्यानं वारा घातला. उतरलं. बराबर उतरलं.

मग एकोणिसावी. चाची पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून बसल्या. ट्रे आत गेला. पडद्यावर मेंदीचा हात आला, बांगड्या आल्या, चेहऱ्यावरची ओढणी जराशी हलली, आणि पडदा काळा झाला. पंखा, पुठ्ठा, अर्धा तास, मग तासभर. दिवा लागेना, ट्रे उघडेना. गुरुजींनी खिशातून स्क्रू काढायचा लहानसा पेचकस काढला. चाचांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"न्हाई गुरुजी. डिस्कवर वरखडा पडला तर मंग कायच न्हाई."

मी चाचींकडे पाहिलं. त्या उठल्या, मशीनवर मलमलीचं फडकं पसरलं. "हाथ तो दिखा," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

औरंगपुऱ्यात एक जुना कारागीर आहे, तो डिस्कला धक्का न लावता ट्रे काढून देतो, असं कळलं. त्याचा नंबर मी चाचांना लिहून दिला आहे. दर रविवारी विचारते, फोन केला का? "करतो, ताई, करून राह्यलो," ते म्हणतात, आणि फडक्याची घडी सरळ करतात. यादीतल्या अठरा ओळींवर खूण आहे.