घाटात दम लागणारी गाडी

हैबतीने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. त्याची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. पण उमर गेली मुंबईत, एका साहेबांकडे ड्रायव्हर म्हणून. साहेबांना मूलबाळ नव्हतं. वारण्याआधी त्यांनी आपली लाल स्पोर्ट्स कार हैबतीच्या नावावर करून दिली, आणि ती घेऊन तो वाडीला परतला. साठच्या दशकातली विलायती गाडी, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी लागून की वाडीच्या रस्त्यात मोठा धोंडा दिसला की हैबती उतरून तो आधी बाजूला करायचा. त्याची बायको प्रयागबाई पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरून आली आणि म्हणाली, "हिच्यात बसायचं का निजायचं?"

सपाटीवर गाडी गुणी होती. महाडपर्यंत हायवेने एका लयीत जायची. घाट लागला की मात्र तिचा दम तुटायचा. त्यातही सकाळी बरी चढायची आणि दुपारी पहिल्याच वळणांना धापा टाकायची. महाडच्या मेकॅनिकने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, शेवटी म्हणाला, "म्हातारी झालीय, काका."

हैबतीला ते पटेना. म्हातारी असती तर सकाळी तरी कशी चढली असती?

मग बॉनेट उघडून बघत बसायचा त्याला नादच लागला. इंजिन हवा ओढतं ती फिल्टरमधून, आणि फिल्टर बसवलेला धुराच्या नळ्यांच्या अगदी वर. एका दुपारी त्याने मेणबत्तीचा तुकडा तारेने फिल्टरजवळ बांधला आणि घाटात एक चक्कर मारून आला. बॉनेट उघडलं तर मेणबत्ती वाकून तारेवर लोंबत होती. इंजिनाच्या वाट्याला सगळी तापलेली, विरळ हवा येत होती.

शेजारची सारिका महाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होती. कारखान्यातला धूर बाहेर नेणारे फायबरचे डक्ट, म्हणजे जाड नळ्या, तिथे बनत. हैबतीने तिला मेणबत्ती दाखवली.

"म्हंजे पुढच्या जाळीपासनं फिल्टरपर्यंत नळी टाकायची," ती म्हणाली. "बाहेरची गार हवा सरळ आत. वर्कशॉपात मऊ नळीचा तुकडा पडलाय, मालकास्नी विचारून आणते. ती कशीपन वळते."

नळी बसली. सपाटीवर गाडी अशी पळाली की हैबती एकटाच हसला. घाटात त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन गुदमरलं, मागे काळा धूर निघाला. पाय उचलला की पुन्हा ठीक. थांबून बॉनेट उघडलं तर नळी जागेवर, धड, कुठे फाटलेली नाही. पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा तेच. बघायला थांबावं तर दुखणं पळून जायचं.

"चालत्या गाडीतच बघाया पायजे," हैबती म्हणाला.

सारिकाच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी बॉनेट काढून हैबतीच्या पडवीत ठेवलं. उघड्या इंजिनाची ती लाल गाडी घाटाकडे निघाली तेव्हा समोरच्या टेम्पोवाल्याने हळू करून विचारलं, "टोपण कुठं पडलं?"

हैबतीने पाय दाबला. शेजारी बसलेली सारिका काचेतून इंजिनाकडे टक लावून होती.

"काका, ती चपटी होतेय."

"काय?"

"नळी. पेप्सीकोला चोखल्यावर पिशवी कशी आत जाते, तशी. पाय उचला बरं. बघा, फुगली परत."

पुढच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली. सारिकाने उतरून नळी दोन बोटांत दाबून बघितली. मग म्हणाली, "मीच चुकले. आमच्याकडं नळीच्या तोंडाशी पंखा असतो, तो हवा ढकलतो. ढकलल्यावर नळी फुगनारच. हितं इंजिन ओढतंय."

"ओढतंय तर बरगड्या पायजेत," हैबती म्हणाला. "मानसाच्या छातीला हायत तशा."

बरगड्यांची नळी घडवायला पुष्कळ दिवस गेले. सारिकाने थर्माकोल तासून रेडिएटरच्या कडेने वळत जाणारा साचा केला, त्यावर फायबरचे थर चढवले, बाहेरून बरगड्यांसारखे गोल कंगोरे दिले, आणि आतला थर्माकोल कोरून काढला. पहिला डक्ट बॅटरीला अडला. दुसरा नीट बसला.

भर दुपारी निघायचं ठरलं. हैबती चावी घेऊन आला तर प्रयागबाई आधीच पाय लांब करून गाडीत बसलेली. घाट सुरू झाला. पुढच्या डक्टमधून एक घुमणारा आवाज यायला लागला, रिकाम्या घागरीत बोलल्यासारखा. जिथे दम तुटायचा ती वळणं मागे पडली. प्रतापगडचा फाटा आला तरी गाडी थांबली नाही.

"म्हातारी म्हनत होता ना तो मेकॅनिक हिला?" प्रयागबाई म्हणाली.

"म्हातारी नव्हती गो. कोंडली होती."

घाट उतरताना प्रयागबाईच्या मनात वेगळंच आलं. जाळीतून हवा येते, मग पावसात पाणी नाही का येणार? घरी येताच हैबतीने हे सारिकाला विचारलं. पाणी आलंच तर वाटेतच गळून जावं, म्हणून तिने डक्टच्या सर्वांत खालच्या वळणाला एक भोक पाडलं. मग अंगणात गाडी उभी करून प्रयागबाईने जाळीवर घागर ओतली. पाणी भोकातून खाली पडलं. हैबतीने फिल्टर काढून हात फिरवला. कोरडा होता.

प्रयागबाई दुसरी घागर भरायला निघाली होती. पाऊस काय एवढासाच पडतो का, असं तिचं म्हणणं होतं.