ओढायला मीच शिकवलं

कुत्रा शेतावर जाणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ज्यांना त्यावर बोलायचं आहे त्यांनी पुढचं वाचावं आणि मग बोलावं.

आम्ही नवरा-बायको दोघंच नांदेडला राहतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी बायको कुत्र्याला फिरवायला घेऊन गेली. रस्त्यात डुक्कर आडवं आलं, कुत्रा झेपावला आणि ती सिमेंटच्या रस्त्यावर कुशीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. आता ती काठी घेऊन चालते. त्या दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच हकीकत ऐकायला मिळाली: कुत्रा द्वाड आहे, आणि हिनं पट्टा मनगटाला गुंडाळून धरला होता म्हणून फरफटली.

ही हकीकत सांगणारा मी होतो.

कुत्रा कारवानी जातीचा आहे. माझा मुलगा लातूरला नोकरी करतो. त्याची सासुरवाडी उदगीरकडची, तिकडं ही कुत्री पाळतात. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, सशामागं सुटली की दिसेनाशी होणारी. मी निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात बसून राहतो म्हणून मुलानंच पिल्लू आणून दिलं होतं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण वाढलो लोह्याकडं, औतामागं चालत. जनावर पुढं, माणूस मागं, कासरा हातात, एवढं मला वडिलांनी शिकवलेलं. आमच्याकडं बैल घेताना पहिल्यांदा विचारतात, ओढतो कसा. जो ओढत नाही तो मठ्ठ. हे पिल्लू माझ्या पायाशी घोटाळत चालायचं, मधूनच मान वर करून माझ्याकडं बघायचं. मला ते ऐदी वाटलं. जिभेनं च्यक् च्यक् करत मी त्याला पुढं काढलं. पट्टा ताणून चाललं की खिशातला भाकरीचा तुकडा द्यायचा, पाठ थोपटायची. थोड्याच दिवसांत ते असं ओढायला लागलं की मला मागून पळावं लागे. कॉलनीतले लोक म्हणायचे, "सर, कुत्रं तुम्हाला फिरवून आणतंय." मला त्यात भूषण वाटायचं. जातिवंत बैल दारात असल्यासारखं.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. बैलाच्या नाकात वेसण असते. कासरा खेचला की त्याला नाकात कळतं आणि तो थांबतो. कुत्र्याच्या गळ्यात नुसता पट्टा. त्याला मागं खेचलं की तो अंगाचा भार टाकून आणखी पुढं रेटतो. म्हणजे ओढायचं मी शिकवलं आणि थांबवायचं काही माझ्याजवळ नव्हतं.

त्या सकाळी माझा गुडघा धरला होता. मी बायकोला म्हणालो, आज तू ने.

"मला न्हाई आवरत ते," ती म्हणाली. "तुमचं तुम्हीच न्या दुपारून."

मी उठलो, पट्टा घेतला आणि तिच्या मनगटाला दोन वेढे मारून दिले. "आता कसं सुटतंय बघू," असंही म्हणालो. वेढे मी मारले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पट्टा हाताला गुंडाळला होता का? मी म्हणालो, "हो ना, ही ऐकतच नाही." ती शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी तेव्हा घाबरलो होतो. नंतर घाबरण्याचं कारण उरलं नव्हतं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच सांगत राहिलो, कारण एकदा सांगून झालं होतं.

कुत्रा मग अंगणात बांधलेलाच असायचा. मुलानं फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यात तो नांदेडला येईल आणि परत लातूरला जाताना कुत्र्याला लोह्याच्या शेतावर सोडेल. तिथं वाटेकरी आहे, त्याला राखणीला कुत्रं पाहिजेच होतं. म्हणजे गोठ्यापाशी खुंटा, साखळी आणि भाकरी. मी त्या कुत्र्याकडं बघितलं. लांब पायांचं जनावर, धावण्यासाठीच जन्माला आलेलं. त्याचा गुन्हा काय, तर मी जे शिकवलं ते त्यानं चोख केलं.

मग मी मोबाईलवर शोधायला लागलो, कुत्र्याचं ओढणं बंद कसं करायचं. एक बाई हिंदीत सांगत होत्या. पट्टा ताणला गेला की तिथंच उभं राहा. खेचू नका, ओरडू नका. कुत्रं वळून मागं आलं, पट्टा सैल पडला की चाला. सैल पट्ट्यानं शेजारी चाललं की खाऊ द्या. ओढल्यावर एक पाऊलही पुढं टाकलंत तर तुम्ही त्याला ओढायलाच शिकवताय. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. बाई जे जे करू नका म्हणत होत्या, ते मी भाकरी देऊन केलं होतं. आणि पिल्लू असताना ते पायाशी चालत माझ्याकडं बघायचं, ते बाईंच्या हिशेबानं उत्तम चालणं होतं. ते मी मोडलं होतं.

दुसऱ्या सकाळपासून सुरू केलं. फाटकातून निघालो की दोन घरं ओलांडायच्या आत पट्टा ताठ. मी थांबायचो. तो रेटायचा, मी विजेच्या खांबाला पाठ टेकून उभा. पाय भरून यायचे. माणसं कामावर जाताना बघायची आणि येतानाही मी फार पुढं गेलेलो नसायचो.

शेजारचे एक जण स्कूटर हळू करून म्हणाले, "काय सर, पेट्रोल संपलं का?"

"हाव. ढकलता का जरा?"

"कुत्र्यालाच सांगा की, लई जोर आहे त्याच्यात."

"तेच तर सांगून राहिलो."

ते हसत गेले. संध्याकाळी त्यांनी आमच्या बायकोला विचारलं म्हणे, सरांची तब्येत बरी आहे ना. लोकांना वाटत होतं म्हातारा भ्रमला. वाटू दिलं. जनावराला हाकायचं मला येत होतं. न हाकता थांबून राहणं या वयात नव्यानं शिकत होतो, आणि ते मला जमत होतं.

मुलगा आला तो रविवार होता. गाडीच्या मागच्या सीटवर त्यानं पोतं अंथरूनच आणलं होतं. चहा झाला. मी म्हणालो, "कुत्रा येत नाही."

"बाबा, आपलं ठरलं होतं."

"तू ठरवलंस."

"आई काठीवर आली त्याच्यामुळं. आता अजून काय व्हायची वाट बघता? आईपेक्षा कुत्रं मोठं झालं का तुम्हाला?"

मग मी सांगितलं. भाकरीचं, च्यक् च्यक् करण्याचं, मनगटाच्या वेढ्यांचं, डॉक्टरांना काय बोललो त्याचं. बायको तिथंच पलंगावर बसली होती. आवाज खाली न घेता सांगितलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस तुम्ही आईवर ढकलून राहिले होते?"

"हाव."

"तरी ओढलं तर त्यानंच ना? शिकवलं कुणी का असेना."

"मी शिकवलं तसा तो वागला. घरातून कुणाला काढायचंच असेल तर माझा नंबर आधी लागतो. मला नेऊन बांध शेतावर."

"यांना नको नेऊ," बायको पलंगावरून म्हणाली. "वाटेकरी पळून जाईल."

मुलाला हसू आलं, त्यानं ते दाबलं. ती हसली नव्हती. माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, हे दवाखान्यातच बोलला असता तर? व्यायाम शिकवायला ती पोरगी यायची, रोज म्हणायची, आजी, पट्टा हाताला गुंडाळायचा नसतो बरं का. आणि तुम्ही शेजारी बसून मान डोलवायचे. माझी सख्खी बहीण देगलूरहून आली ती मला बावळट म्हणून गेली. मी काय बोलणार? नवऱ्याला खोटं पाडू?"

मी माफी मागितली. "बघू," एवढंच ती म्हणाली. आजही तिचं बघणंच चालू आहे, आणि तो तिचा हक्क आहे.

मग तिनं मुलाला फाटकात खुर्ची टाकायला सांगितलं. "यांचं ते थांबणं काय असतंय ते बघू तरी."

मी कुत्र्याला घेऊन निघालो. पहिली दोन घरं तो नीट चालला. पुढं कुणाच्या तरी शेळ्या उभ्या होत्या. पट्टा ताठ झाला. मी थांबलो, भर रस्त्यात. मागून ऑटो आला, हॉर्न वाजवायला लागला.

"ओ काका, बाजूला व्हा की."

"जरा दम धर. जनावर शिकून राहिलंय."

"मग मी काय त्याची परीक्षा घ्यायला थांबू का?"

मी हललो नाही. कुत्र्यानं शेळ्यांकडं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं. एक पाऊल मागं आला. पट्टा सैल पडला. त्याला तुकडा दिला, बाजूला झालो, ऑटोवाला काहीतरी पुटपुटत गेला. परत येताना त्यानं पुन्हा दोनदा ओढलं.

"अजून ओढतोच की," मुलगा फाटकातून म्हणाला.

"ओढतो. आणि मी थांबतो."

मुलानं आईकडं बघितलं. ती म्हणाली, "राहू द्या कुत्रं. पण ज्यांच्या ज्यांच्या समोर माझं नाव घेतलं, त्या सगळ्यांना यांनी स्वतः सांगायचं. मी सांगणार न्हाई." मुलगा गाडीतलं रिकामं पोतं घेऊन तसाच लातूरला गेला. लोह्याला थांबला नाही.

मग मी एकेकाला फोन लावले. बहुतेकांना ती गोष्ट आठवतही नव्हती, ते म्हणाले, असू द्या हो सर. मी असू दिलं नाही, पूर्ण ऐकायला लावलं. देगलूरच्या मेहुणीला लावला तेव्हा ती म्हणाली, "दाजी, झालं गेलं, कशाला उकरून काढता?"

"तू बहिणीला बावळट म्हणाली होतीस."

"म्हणले असंन."

"ते परत घे आणि मला म्हण."

तिनं म्हटलं. तेवढ्यावर थांबली नाही, लग्नापासूनचं बरंच काही काढलं. फोन स्पीकरवर होता आणि बायको शेंगा सोलत सगळं ऐकत होती. मधेच म्हणाली, "तिला म्हणावं, सावकाश बोल, पाणी पी."

ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सकाळी आता मी, बायको आणि कुत्रा असे तिघं निघतो. ती काठी टेकत रस्त्याच्या आतल्या बाजूनं चालते, तिच्या चालीनं मी आणि माझ्या चालीनं कुत्रा. तो ओढतो तेव्हा आम्ही तिघंही थांबतो, मागं कोण हॉर्न वाजवतंय ते न बघता. पट्टा ती हातात घेत नाही, आणि घे असं मी तिला पुन्हा कधी म्हणणार नाही.