अप्पांचं नाक

अप्पांनी उभ्या आयुष्यात शिजता पदार्थ कधी चाखून पाहिला नाही. पळी नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचं. "चाखलं की उष्टं झालं. पाहुण्यांस उष्टं वाढूं काय?" मिठाला वास नसतो, हे मी एकदा त्यांना शहाणपणाच्या सुरात सांगितलं. "तुज येत नसेल पा," ते म्हणाले.

अप्पा म्हणजे वसंतीचे वडील. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त होऊन तंजावरात राहत. त्यांचं मराठी माझ्या खापरपणजोबांच्या वेळचं होतं आणि त्याला चाल तमिळची. बायको गेल्यापासून चूल त्यांच्याकडेच होती. मी पुण्याहून रंगीत टीव्ही विकायला आलो होतो. तेव्हा घरोघर केबल येत होती आणि आमच्या धंद्याला बरकत होती. वसंती आमच्याच कार्यालयात होती. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

मागणी घालायला गेलो तेव्हा अप्पांनी ना पगार विचारला, ना घराणं. "स्वयंपाक येतो काय?" एवढंच विचारलं. मला चहा येत होता, तोही कोणी साखर काढून दिली तर. मी म्हणालो, "येतो."

"सरी, बरं. रविवारी कर मग."

आता आली पंचाईत. भाताचं, सांबाराचं नाव काढलं तर दोन मिनिटांत पकडला गेलो असतो. म्हणून अप्पांनी जन्मात पाहिलं नसेल असं काहीतरी करायचं ठरवलं. केबलवर एक गोरी बाई उकडलेले बटाटे, अंडी आणि डब्यातला ट्यूना मासा कालवताना दिसली होती. त्या पदार्थात शिजवायचं जवळपास काहीच नव्हतं, हा त्याचा मोठा गुण. तिरुच्चीच्या परदेशी मालाच्या बाजारातून मी ट्यूनाचा डबा आणि मेयॉनीजची बाटली पैदा केली.

रविवारी मी सढळ हाताने मीठ घालून बटाटे उकडले, अंडी सोलली, कांदा चिरला. अप्पा केळीची पानं पुसत बसले होते. डबा उघडताच त्यांचं नाक हललं.

"हा मासा समुद्रातून काढल्यावर धुतला नाहीं वाटतं."

विनोद समजून मी मनापासून हसलो. मेयॉनीज पाहून मात्र ते ताठ झाले. "मासा नि तैर एकत्र? अंगावर कोड उठेल."

"दही नव्हे अप्पा, अंडं आणि तेल आहे."

"मग तसं दिसतं कशाला?" म्हणत ते मागच्या चुलीकडे गेले.

चाखायचं नाही, हे मला ठाऊक होतं. मी चमचा नाकापाशी नेला, डोळे मिटले. कांद्याचा वास आला. त्यावरून मीठ कमी आहे असं ठरवून मी आणखी चिमूटभर टाकलं आणि विहिरीवर तोंड धुऊन केस विंचरायला गेलो.

परतलो तर पानं मांडलेली आणि माझ्या पदार्थावर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. पहिला घास घेतला. उत्तम. दुसऱ्या घासाला मी स्वतःवरच खूश झालो. "न चाखता केलंय," असंही म्हणालो. वसंती पानात बघत राहिली.

लग्न झाल्यावर तिने सांगितलं. डबा उघडला तेव्हाच अप्पांनी मागच्या चुलीवर चार बटाटे बिनमिठाचे चढवले होते. माझा भांग पडेस्तोवर ते कालवूनही झाले होते.

"मग लग्नाला हो कशाला म्हणाले?"

"म्हणाले, पोरगा थापा मारतो, पण चाखलं नाहीं."

पुढे बरीच वर्षं आम्ही सुट्टीत तंजावरला जात राहिलो. शेवटच्या भेटीत अप्पांचं नाक गेलं होतं. कढीपत्ता चुरगाळून हुंगायचे आणि टाकून द्यायचे. वसंती बाजारात गेली होती. चुलीवर माशांचं कुळंबु, म्हणजे चिंचेचं कालवण, रटरटत होतं. अप्पांनी पळी नाकाशी नेली, बराच वेळ धरली आणि मग माझ्यापुढे केली.

"चाखून सांग."

"अप्पा, उष्टं होईल..."

"तूं काय पाहुणा आहेस?"

मी चाखलं. मीठच नव्हतं. मीठ घातलं. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, म्हणून की काय, जरा जास्तच पडलं. पुन्हा चाखलं.

अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दोन बटाटे उकड पा," ते म्हणाले.